अश्रूंची मालकी : जॅकी कूगनच्या निमित्ताने

बालनटांच्या उत्तरायुष्याविषयी जे लेख आपल्या वाचनात येतात, त्यांचा एक साचा ठरून गेलेला आहे. आधी गोंडस चेहरा आणि टाळ्या, मग मिसरूड फुटताच ओसरलेली लोकप्रियता, त्यानंतर व्यसने, मोडलेले संसार, कोर्टकचेऱ्या आणि, नशीब बरे असेल तर, अखेरीस 'सावरला', 'पुन्हा माणसांत आला' असा समारोप. हा साचा वर्तमानपत्रांनी शोधून काढलेला नाही. तो मुळात पुराणकथेचा आहे. पतन, प्रायश्चित्त आणि उद्धार ही त्याची तीन अंगे. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला, या कथेवर आपली पिढ्यान् पिढ्या श्रद्धा आहे, आणि ती असण्यात काही गैरही नाही. प्रश्न एवढाच की, वाल्याने वाटमारी केली होती. पाच वर्षांच्या मुलाने काय केले होते? ज्याने पाप केले नाही त्याचा उद्धार कसा व्हायचा, आणि तो व्हावा अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

भाषेचे अध्यापन करणाऱ्यांना शब्दांपाशी अडण्याची खोड असते. 'उद्धार' या शब्दापाशी आम्ही असेच अडलो, आणि त्याचा विचार करताना वारंवार एका आयुष्याकडे वळत राहिलो. ते आयुष्य जॅकी कूगनचे. चित्रपटसृष्टीतील पहिला जगद्विख्यात बालनट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. बालनटाची शोकांतिका आणि तिच्यातून सुटका, या दोन्हींचा नमुना म्हणून त्याची कथा सांगितली जाते. आमच्या मते मात्र ती नीट वाचली तर हा साचाच मोडून टाकते.

चार्ली चॅप्लिनने या मुलाला प्रथम पाहिले ते १९१९ साली, लॉस एंजेलिसच्या एका रंगमंचावर. नाचगाणी, नकला, विनोदी प्रवेश असे सारे एकत्र असणारे व्हॉडव्हिलचे खेळ तेव्हा अमेरिकेत जोरात होते. जॅकीचे वडील त्यांत नर्तक होते, आणि वडिलांचा प्रवेश संपता संपता हे पोर पुढे येऊन चार पावले नाचून जाई. त्याच वर्षी चॅप्लिनचा पहिला मुलगा जन्मानंतर अवघ्या तीन दिवसांत दगावला होता. त्या दुःखातून 'द किड' जन्मला असे समीकरण मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. पण एका टाकून दिलेल्या अर्भकाला वाढवणाऱ्या भटक्याची ही कथा, दारिद्र्यात आणि अनाथालयात बालपण काढलेल्या माणसाने लिहिली होती, हे विसरून चालणार नाही. १९२१ साली 'द किड' प्रदर्शित झाला आणि सहा वर्षांचा जॅकी जगभर पोहोचला.

या चित्रपटातील एक प्रसंग ज्याने पाहिला तो विसरत नाही. अनाथालयाचे अधिकारी मुलाला भटक्यापासून ओढून नेतात, मालमोटारीत टाकतात, आणि ते मूल दोन्ही हात पसरून आक्रंदत राहते. मूकपट असूनही तो आक्रोश ऐकू येतो असे वाटते. हे रडणे कसे मिळवले, याची हकीकत चॅप्लिनने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. त्या दिवशी मूल आनंदात होते आणि काही केल्या रडेना. तेव्हा वडिलांनी ते काम अंगावर घेतले. रडला नाहीस तर तुला इथून नेऊन खरोखरच अनाथालयात घालू, असे त्यांनी मुलाला सांगितले. मूल ढसाढसा रडू लागले, कॅमेरा फिरला. नंतर चॅप्लिनने त्याला उचलून घेतले, कोणी तुला नेणार नाही असे समजावले. तेव्हा, बाबा थट्टा करीत होते हे आपल्याला ठाऊक होते, असे त्या मुलाने त्याच्या कानात सांगितले.

चॅप्लिनने ही आठवण वात्सल्याने सांगितली आहे, आणि वाचणाराही सहसा वात्सल्यानेच वाचतो. आम्हांला मात्र ती वाचताना आपल्या साहित्यशास्त्राची आठवण होते. करुण रस आणि लौकिक शोक या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आपण पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि शिकवतो. रामाचे काम करणाऱ्या नटाची सीता हरवलेली नसते, म्हणूनच प्रेक्षकाला त्या विलापाचा आस्वाद घेता येतो. प्रौढ नट आपल्या दुःखापासून अंतर राखू शकतो. ते अंतर हीच त्याची कला. बालनटापाशी हे अंतर असतेच असे नाही. 'द किड'मधला तो आक्रोश हा अभिनय होता, की आपल्याला खरोखर टाकून देतील या भीतीने फोडलेला टाहो होता? मुलाने नंतर 'ठाऊक होते' म्हटले. पण मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून मुले असे म्हणतात, हे मुले वाढवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. आपण करुण रस म्हणून ज्याचा आस्वाद घेतला, तो एका मुलाचा लौकिक शोक असू शकतो. मग त्या अश्रूंवर मालकी कोणाची, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही.

तो पैशाचाही प्रश्न होता, आणि तो पुढे तसाच उभा राहिला. 'द किड'नंतर जॅकी हा एक धंदा झाला. 'ऑलिव्हर ट्विस्ट' १९२२ साली आला. बाहुल्या, टोप्या, शिट्ट्या, वह्या, शेंगदाण्याचे लोणी अशा नाना वस्तूंवर त्याचे चित्र झळकू लागले. १९२४ साली आर्मेनियन आणि ग्रीक अनाथ मुलांच्या मदतीसाठी त्याला अमेरिकेत आणि युरोपात फिरवण्यात आले, आणि दहा लाख डॉलरहून अधिक किमतीचे अन्न, वस्त्र व निधी त्याच्या नावावर गोळा झाला. अनाथाचे सोंग घेऊन प्रसिद्ध झालेले मूल खऱ्या अनाथांसाठी झोळी घेऊन निघाले होते. १९२७ साली त्याचे ते सुप्रसिद्ध केस कापायची वेळ आली, तेव्हा त्या केस कापण्यावरही एक चित्रपट काढण्यात आला. मूल मोठे होते आहे ही घरगुती गोष्टसुद्धा तिकीट लावून दाखवली गेली. बालनटाच्या 'पतना'ची सुरुवात कोठे होते असे कोणी विचारले तर आम्ही या जागी बोट ठेवू. त्या मुलाच्या हातून काहीही घडलेले नव्हते. त्याचे केस तेवढे कापले गेले होते.

१९३५ च्या मे महिन्यात मेक्सिकोतील शिकारीहून परतताना कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात त्यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी वडील चालवीत होते. ते, जॅकीचा जिवलग मित्र व सहकलावंत ज्युनिअर डर्किन आणि आणखी दोघे ठार झाले. एकटा जॅकी वाचला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याला एकविसावे वर्ष पूर्ण झाले, म्हणजे तेथील कायद्याने तो सज्ञान झाला. तोवर त्याला आठवड्याला सव्वासहा डॉलर हातखर्ची मिळत असे. आपली कमाई आपल्यासाठी राखून ठेवली असेल अशी त्याची समजूत होती. आईने पुढे कुटुंबाचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टाइन यांच्याशी विवाह केला, आणि पैशाविषयी विचारले असता मुलाला नकार मिळाला. एप्रिल १९३८ मध्ये जॅकीने आई आणि सावत्र वडील यांच्यावर दावा लावला. बालपणीची त्याची कमाई तीस ते चाळीस लाख डॉलरच्या घरात होती असा अंदाज आहे. हिशेब झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास रक्कम उरलेली निघाली, आणि खटल्याचा खर्च वजा जाता १९३९ साली त्याच्या हाती आले ते १ लाख २६ हजार डॉलर.

या दाव्यातील आईची भूमिका आम्हांला आकड्यांहून अधिक महत्त्वाची वाटते. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते : जॅकीला काही देण्याचे वचन कधीच दिलेले नव्हते, अज्ञान मुलाने मिळवलेला पैसा कायद्याने आईबापांचाच असतो, जॅकीला चित्रीकरणात मजा वाटत असे, तो कॅमेऱ्यासमोर खेळतच होता, आणि तो काही चांगला मुलगा नव्हता. यांतला प्रत्येक मुद्दा विचार करण्याजोगा आहे. पहिले दोन त्या काळच्या कॅलिफोर्नियात कायद्याला धरून होते. मूल शेतावर राबले, बापाच्या दुकानात हातभार लावला, तर ती मिळकत घराची, ही जुनी इंग्रजी रीत त्या कायद्याच्या मुळाशी होती. तिसऱ्या मुद्द्यात एक चलाखी आहे. मुलाचे काम विकताना ते 'अद्वितीय अभिनय' म्हणून विकायचे, आणि त्याची मजुरी मागितली की ते 'खेळणे' ठरवायचे. चौथा मुद्दा तर आपल्या साच्याचाच पाया आहे. मुलगा वाईट होता! म्हणजे लुबाडला गेलेल्यालाच प्रथम पापी ठरवायचे. मग त्याच्या उद्धाराची कथा सांगायला सारे मोकळे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. आईबापांनी मुलासाठी आपले आयुष्य वेचलेले नसते काय? गरीब घरात मुलाच्या कमाईवर चूल पेटते, ते पापच म्हणायचे काय? स्वतः चॅप्लिन लहानपणी 'एट लँकशायर लॅड्स' या मुलांच्या नृत्यमंडळीत होता. त्याला जेवणखाण आणि राहायची सोय मिळे, व त्याच्या आईला आठवड्याला अर्धा क्राउन. त्या आईला कोणी दोष देणार नाही. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांतही अनेक मुलगे कोवळ्या वयात दाखल झाले. मंडळीचे बिऱ्हाड हेच त्यांचे घर, आणि मालकाचा शब्द हीच शाळा. मातृऋण, पितृऋण या कल्पना आमच्या रक्तात आहेत आणि त्या आम्हांला टाकून द्यावयाच्या नाहीत. परंतु ऋण फेडणारा सज्ञान असावा लागतो. ज्याला ऋण म्हणजे काय हे कळत नाही त्याच्याकडून परस्पर केलेली वसुली ही ऋणफेड होत नाही. मुलाच्या कमाईतून घर चालले तर तसे लिहून ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. लिहून ठेवलेला पैसा आणि न लिहिलेला पैसा यांत जे अंतर आहे, तेच कुटुंब आणि नाटक कंपनी यांत आहे.

आता उत्तरायुष्याकडे वळू. दावा निकालात निघाला त्याच वर्षी अभिनेत्री बेटी ग्रेबल हिच्याशी झालेला त्याचा विवाह संपुष्टात आला. पुढेही दोन विवाह मोडले. अडचणीच्या दिवसांत त्याने चॅप्लिनकडे हात पसरला आणि चॅप्लिनने तत्काळ हजार डॉलर काढून दिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मार्च १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, तो सैन्यात दाखल झाला आणि पुढे ग्लायडर वैमानिक बनला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दुसरे विमान ते दोराने ओढून नेते आणि ठरल्या जागी सोडून देते. या कामासाठी तो आपल्या देशात आला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाट येथून विंगेटच्या चिंडिट सैनिकांना घेऊन ग्लायडर निघाले आणि ब्रह्मदेशात जपानी फळीच्या कितीतरी मागे, जंगलातील मोकळ्या जागेत अंधारात उतरले. त्या मोहिमेत जॅकी कूगन होता. टाकून दिलेल्या मुलाचे सोंग घेणारा तो चेहरा त्या रात्री कोणालाही दिसत नव्हता, आणि त्याचे कोणाला कौतुकही नव्हते. त्याच्याकडे एक काम होते आणि ते त्याला येत होते.

युद्धानंतर किरकोळ भूमिका, दूरचित्रवाणीवरील दुय्यम कामे, असा दीड दशकाहून अधिक काळ गेला. १९५२ साली झालेला त्याचा चौथा विवाह मात्र अखेरपर्यंत टिकला. मग १९६४ ते १९६६ या काळात 'द ॲडम्स फॅमिली' या मालिकेत त्याने अंकल फेस्टर रंगवला. तुळतुळीत डोके, डोळ्यांखाली काळी वर्तुळे, बेढब अंगरखा, आणि तोंडात धरताच पेटणारा विजेचा दिवा. ज्या केसांची अमेरिकेने पूजा केली त्यांचा मागमूस नाही, ज्या डोळ्यांवर जग भाळले ते आता भिववतात आणि हसवतात. ही भूमिका म्हणजे त्याच्या जीवनाची विटंबना झाली असे काहींना वाटले असेल. आम्हांला नेमके उलटे वाटते. 'द किड'मधला चेहरा त्याला जन्माने मिळाला होता आणि तो इतरांनी विकला. फेस्टर मात्र त्याने घडवला. प्रौढपणी, जाणतेपणी, रंगभूषेची प्रत्येक रेघ ठाऊक असताना. लौकिक शोक आणि रस यांतले जे अंतर मुलाला नाकारले गेले होते ते पन्नाशीच्या नटाने मिळवले. आमच्या लेखी त्याची सुटका कोठे झाली असेल तर ती येथे. १९७२ साली चॅप्लिन वीस वर्षांनी अमेरिकेत परतला तेव्हा जॅकी त्याच्या स्वागताला गेला होता. तुमचा नवरा प्रतिभावंत आहे हे विसरू नका, अशा आशयाचे उद्गार त्या वृद्धाने जॅकीच्या पत्नीपाशी काढले. १ मार्च १९८४ रोजी जॅकी कूगनचे निधन झाले.

त्याचा स्वतःचा पैसा त्याला परत मिळाला नाही. परंतु त्याच्या दाव्याने खळबळ उडून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या कमाईसंबंधी कायदा झाला, आणि तो आजही 'कूगन कायदा' म्हणूनच ओळखला जातो. कमाईचा काही भाग मुलाच्या नावे वेगळा ठेवावा, हे त्याचे सूत्र. मात्र ते न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांनाच लागू होते, आणि पुढे कामे चित्रपटागणिक मिळू लागल्यावर बहुतेक करार न्यायालयासमोर आलेच नाहीत. न्यायालयाच्या आदेशालाही घरात किती किंमत असते, याचा दाखला शर्ली टेंपलच्या १९८८ सालच्या आत्मचरित्रात आहे. तीस लाख डॉलरहून अधिक कमाईतून तिच्यासाठी उरले होते सुमारे ४४ हजार. तिने वडिलांना न्यायालयात खेचले नाही. ती घाना आणि चेकोस्लोव्हाकिया येथे अमेरिकेची राजदूत झाली. ही तिची थोरवी. पण कायद्याची मदार लेकीच्या थोरवीवर ठेवता येत नाही. अखेर २००० सालापासून कॅलिफोर्नियात बालकलावंताची कमाई ही सर्वस्वी त्याचीच मालमत्ता ठरली आणि तिचा १५ टक्के भाग सज्ञान होईपर्यंत राखून ठेवणे बंधनकारक झाले. दाव्यापासून येथवर यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे चित्रपट आणि बालनट एकदमच जन्मले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दादासाहेब फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने रोहिदास साकारला, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. म्हणजे 'द किड'च्या दोन वर्षे आधीच मराठी घरातील एक मुलगी पडद्यावर कालियाच्या फण्यावर नाचत होती. तेव्हापासून आजवर कितीतरी मुले आली आणि गेली. 'बूट पॉलिश'मधील नाझ हिचा १९५५ च्या कान महोत्सवात विशेष उल्लेखाने गौरव झाला. पुढे श्रीदेवीच्या काही हिंदी चित्रपटांना तिने आवाज दिला, आणि ऐकणाऱ्यांना तो कोणाचा हे कळलेही नाही. १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'मधील शफिक सय्यद राष्ट्रीय पुरस्कार मिळवून बंगलोरला परतला आणि रिक्षा चालवू लागला. त्याचे दुःख कूगनहून वेगळे आहे. त्याचे लाखो कोणी गिळले नव्हते. कौतुक संपल्यावर उघडे राहील असे दुसरे दार तेवढे त्याच्यापाशी नव्हते. याच्या शेजारी 'श्यामची आई'मधला श्याम ठेवून पाहावा. १९५३ सालच्या त्या चित्रपटाने माधव वझे घराघरात पोहोचले. पण ते शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यदिग्दर्शन आणि नाट्यसमीक्षा केली. त्यांच्याविषयी 'सावरले' असे कोणी लिहीत नाही, कारण घसरावे लागेल अशी वेळच आली नाही. शाळा सुटली नाही, एवढाच तो फरक. 'उद्धारा'च्या कथेत अशा आयुष्याला जागा नसते. आमच्या मते खरे उदाहरण तेच आहे.

कायद्याचे पाहू. २०१६ साली बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत बंदी झाली, मात्र दृक्‌श्राव्य मनोरंजन हा अपवाद राहिला. २०१७ च्या नियमांनुसार अशा मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करावा लागतो. हे नियम स्वागतार्ह आहेत. परंतु या कायद्यात 'बालक' म्हणजे चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल. चौदाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, म्हणजे ज्या वयात चेहरा बदलतो, आवाज फुटतो आणि कामे तुटू लागतात नेमक्या त्या वयात, ही ठेव सक्तीची उरत नाही. आणि उरलेल्या ८० टक्क्यांचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा, याविषयी हे नियम मौन पाळतात.

वास्तविक मुलाच्या नावाची मालमत्ता कशी सांभाळावी, हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. आपल्या सातबाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे येत आली आहेत : अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, आई किंवा चुलता तिचा केवळ सांभाळ करणारा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तर अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून विकायला खुद्द बापालाही मनाई केली. आयकराच्या कायद्यात अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद आली, तेव्हाही मुलाने स्वतःच्या कौशल्याने किंवा प्रतिभेने मिळवलेली कमाई तीतून वगळण्यात आली. याचा अर्थ असा की, मुलाची प्रतिभा ही मुलाचीच मिळकत आहे, हे सत्य करवसुली करणाऱ्यांना कळलेले आहे. घराला आणि स्टुडिओला ते कळायचे आहे. चार गुंठे पडीक जमिनीला आपण जे संरक्षण देतो ते मुलाच्या चेहऱ्याला, गळ्याला आणि अश्रूंना देत नाही.

ही निकड आता वाढली आहे. पूर्वी मूल पडद्यावर यायला निर्माता लागत असे. आता घरातला फोन पुरतो. आईबापच निर्माते, तेच दिग्दर्शक, तेच खजिनदार. मुलाचे रडणे, रुसणे, पहिल्या दिवशी शाळेत जाताना केलेला आकांत, सारे चित्रित होऊन जाहिरातीच्या पैशात रूपांतरित होते. 'द किड'च्या मालमोटारीजवळ निदान एक पटकथा होती. फ्रान्सने २०२० साली, अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०२४ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२५ पासून अशा मुलांच्या कमाईला कायद्याचे संरक्षण दिले आहे. आपल्याकडेही अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ठेव बंधनकारक असावी, घरी तयार होणाऱ्या चित्रफितींनाही ती लागू व्हावी, आणि जमाखर्चाचा वार्षिक ताळेबंद मुलाच्या नावे तयार व्हावा. ही मागणी फार मोठी नाही.

वाल्याच्या कथेतला एक भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. तू आणलेले खाऊ, पण तुझ्या पापात वाटेकरी होणार नाही, असे त्याच्या घरच्यांनी त्याला सांगितले होते. बालनटाच्या घरी आणि प्रेक्षागृहात हेच उत्तर मिळते, फक्त येथे पाप केलेले नसते. मिळकतीत सगळे वाटेकरी असतात. पुढची वणवण त्याची एकट्याची. म्हणून पुन्हा कधी एखादा जुना बालनट 'सावरला' असे वाचनात आले, तर त्याचे अभिनंदन जरूर करावे, परंतु त्याला सावरावे का लागले हेही विचारावे. आणि त्याच्या वाट्याचे पैसे कोणत्या बँकेत, कोणाच्या नावाने आहेत, हे आधी विचारावे.